दोन दिवस, पाचशे गोळ्या आणि १९ एप्रिल १७७५

प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात राहतो, एच-वन-बी व्हिसावर आहे. एका सहकाऱ्याने ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’ नावाच्या शनिवार-रविवारच्या रायफल शिबिराबद्दल सांगितलं. तिथे नेमबाजी शिकवतात आणि मध्येमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास सांगतात म्हणे. कॉलेजात एनसीसीमध्ये पाच-दहा गोळ्या झाडल्या होत्या, तेवढाच अनुभव. १३ वर्षांच्या मुलीला (जन्म इथलाच) बरोबर न्यायचं आहे. रायफल कोणती घ्यावी, तयारी काय करावी, आम्हाला जमेल का, आणि इतिहासाच्या नावाखाली राजकारण ऐकावं लागेल का?

रायफल कोणती ते नंतर सांगतो. आधी व्हिसाचं बघू, कारण तिथे चुकलात तर नेम चुकण्यापेक्षा बरंच महागात पडेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेऊन घरी ठेवणं एवढंच नव्हे. रेंजवर दुसऱ्याची रायफल दोन मिनिटं हातात घेतली तरी ती त्यात धरली जाते. एच-वन-बी, एच-फोर (त्यांच्या जोडीदारांचा), एफ-वन (विद्यार्थ्यांचा) सगळे यात आले. कायद्यात मोजके अपवाद आहेत आणि आपल्या उपयोगाचा त्यातला एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. ससासुद्धा मारायची इच्छा नसली तरी तो काढा आणि खिशात ठेवा. त्यासाठी सहसा आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो, तोही वाया जात नाही. मुलगी जन्माने अमेरिकन, तिला ही अडचण नाही. वहिनी एच-फोरवर असतील आणि त्यांनाही यायचं असेल तर त्यांचा परवाना वेगळा. ‘ऑफिसातले सगळेच जातात, कोणी विचारत नाही’ हे मी दर वर्षी कुणाकडून तरी ऐकतो. कोणी विचारत नाही हे खरं असेलही, पण ज्या दिवशी ग्रीन कार्डच्या मुलाखतीत कोणी विचारेल त्या दिवशी काय उत्तर देणार आहात? राज्याची हद्द ओलांडून शिबिराला जाणार असाल तर त्या राज्याचे नियमही वाचा. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क तुमच्या शेजारीच आहेत आणि तिथले नियम पेनसिल्व्हेनियापेक्षा बरेच कडक आहेत. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मी नेमबाजी शिकवतो, वकिली नाही.

आता मुद्द्याचं. मी मूळचा मिरजेचा, ओहायोत येऊन वीस वर्षं झाली. या शिबिराला बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो आणि पुढे तिथलाच स्वयंसेवक झालो. शिकाऊ प्रशिक्षकाची टोपी नारिंगी असते, पक्क्या प्रशिक्षकाची लाल. नारिंगी टोपीत मी बराच काळ काढला, कारण नेम लागायचा पण इतिहास सांगताना जीभ अडखळायची. तिथे दोन्ही यावं लागतं.

शिबिर चालवणाऱ्या संस्थेचं नाव रेव्होल्युशनरी वॉर व्हेटरन्स असोसिएशन. नावावरून म्हाताऱ्या सैनिकांची संघटना वाटते, पण त्या युद्धातला शेवटचा सैनिक जाऊन दीडशे वर्षं उलटली. हे सगळे आजचे हौशी लोक आहेत. ‘ॲपलसीड’ हे नाव जॉन चॅपमन या माणसावरून आलं. तो गावोगाव सफरचंदाच्या बिया पेरत हिंडला म्हणून त्याला जॉनी ॲपलसीड म्हणत.

सगळा कार्यक्रम २५ मीटरवर चालतो. हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. पण कागदावरची चित्रं इतकी लहान केलेली असतात की २५ मीटरवरून बघताना ती १००, २००, ३०० आणि ४०० यार्डांवर उभ्या माणसाएवढी दिसतात. वारा आणि गोळीची घसरण सोडली तर नेमबाजीतल्या बाकी सगळ्या चुका २५ मीटरवरही तितक्याच उघड्या पडतात. उलट बरं असतं: चालत जाऊन कागद बघता येतो, आणि कागद खोटं बोलत नाही.

शनिवारी सकाळी सुरक्षेचे नियम सांगतात. नळी कायम सुरक्षित दिशेला. हुकूम झाल्याशिवाय रायफल भरायची नाही. नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाणार नाही. आणि शेजारचाही हे पाळतोय की नाही यावर लक्ष. चौथा नियम मला सर्वात आवडतो, कारण त्याने १३ वर्षांच्या पोरीलाही साठ वर्षांच्या माणसाला ‘काका, नळी’ म्हणून टोकायचा हक्क मिळतो. मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) रंगीत खुंटी आणि कुणाचाही हात रायफलला नाही, अशी स्थिती झाल्याशिवाय कोणीही कागदांकडे पाऊल टाकत नाही. मग पहिलाच कागद येतो तो लाल डगल्यातल्या इंग्रज शिपायांचा. तेरा गोळ्या: चार अंतरांच्या चार आकृत्यांवर प्रत्येकी तीन आणि उरलेली एक डोक्याएवढ्या फळीवर. स्वातंत्र्ययुद्धातल्या रायफलवाल्यांचा पुढारी डॅनियल मॉर्गन याने आपल्या तुकडीत भरती करताना २५० यार्डांवरच्या अशा फळीवर नेम धरायला लावलं, अशी आख्यायिका आहे, तिची ही आठवण. हा कागद शिकवण्याआधी झाडायचा आणि रविवारी जाताना पुन्हा. पहिला कागद फाडून टाकू नका. बहुतेक लोक लाजून तोच टाकतात.

एनसीसीतली रेंज आठवा. पोत्यावर पालथं पडायचं, उस्ताद मागून ओरडायचे, श्वास रोखायचा आणि पाच गोळ्यांचं ग्रुपिंग करायचं. त्यातलं निम्मं अजून उपयोगी आहे. जे नव्हतं ते म्हणजे पट्टा. रायफल खांद्याला अडकवायला पट्टा असतो एवढंच आपल्याला ठाऊक. इथे तोच पट्टा मागच्या कडीतून सोडवतात, त्याचा फास डाव्या दंडात अगदी वर, काखेजवळ घट्ट आवळतात आणि हात पट्ट्याच्या बाहेरून वळवून रायफलच्या लाकडाखाली घालतात. (मी उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांचं सांगतोय.) असा पट्टा ताणला की रायफलचं ओझं स्नायूंवरून उतरून हाडांवर आणि पट्ट्यावर जातं. स्नायू थकतो आणि थरथरतो, हाड थकत नाही. डावं कोपर मात्र थेट रायफलखाली यायला हवं. पहिल्या तासात ते कुणाचंच येत नाही, खांदा कुरकुरतो, बोटांना मुंग्या येतात. येऊ द्या. कोपर बाहेर राहिलं की गोळ्या कागदावर तिरक्या रेषेत पसरतात आणि लाल टोपीवाला लांबूनच ओळखतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि मला विचाराल तर सगळं शिबिर या एका गोष्टीसाठी करावं. तिला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. मी तिला ‘शरीराचा आपला नेम’ म्हणतो. नेम धरा. डोळे मिटा. अंग सैल सोडा, एकदा श्वास घ्या आणि सोडा. डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंटा, कुठे आहे? नव्वद टक्के वेळा ती निशाणावरून सरकलेली असते. म्हणजे मघाशी ती तिथे तुम्ही जोर लावून धरली होती. आता हाताने ओढून ती परत आणू नका. डावं कोपर जमिनीत रोवलेलं ठेवून पोटावर जरासे फिरा, कंबर इंचभर डावीकडे किंवा उजवीकडे, माशी वर-खाली हवी असेल तर कंबर पुढे-मागे. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा बघा. ढिल्या अंगाने माशी निशाणावरच येऊन थांबेपर्यंत हे करत राहायचं. एका निशाणावरून शेजारच्या निशाणावर जातानाही हात नाही, कंबर हलवायची. माझ्या पहिल्या शिबिरात हे मला चार वेळा सांगितलं गेलं आणि चारही वेळा मी मान डोलावली. रविवारी दुपारी एक सत्तरीतल्या बाई, त्या दिवशीच्या प्रशिक्षक, माझ्या शेजारी मातीत पालथ्या झोपल्या आणि म्हणाल्या, डोळे मीट. मी मिटले. उघडल्यावर माशी शेजारच्याच्या कागदावर होती.

खरं तर त्याआधीच्या फेरीत माझ्या तीन गोळ्या शेजारच्या मुलाच्या कागदात गेल्या होत्या. त्याने बापडा तक्रारही केली नाही.

श्वासाबद्दल फार बोलत नाही, कारण आपल्याकडे प्राणायामाची ओळख घरोघरी असते. फक्त छाती भरून कुंभक करू नका. नेहमीसारखा श्वास सोडा. पुढचा घेण्याआधी जो नैसर्गिक थांबा येतो त्यात गोळी सुटली पाहिजे. श्वास चालू असताना झाडल्या तर गोळ्या उभ्या ओळीत लागतात. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे. बाजूला ढकलला तर आडव्या ओळीत. डोळा माशीवर, निशाण अंधुक. हे सगळ्यात अवघड, कारण डोळ्याला निशाणच बघायचं असतं. आणि गोळी सुटल्यावर ट्रिगर दाबलेलाच ठेवायचा, माशी त्या क्षणी कुठे होती ते मनात टिपायचं आणि कागद न बघता ‘ही जरा उजवीकडे गेली’ असं स्वतःला सांगायचं. तुम्ही सांगितलेलं आणि कागदावरचं जुळायला लागलं की समजा गाडी रुळावर आली.

मांडी घालून बसून झाडायची एक स्थिती आहे. इथे आपण राजे. अमेरिकन मंडळी कण्हत बसतात, काहींना तर दोघांनी धरून उठवावं लागतं. आपलं पंगतीतलं बसणं चाळिशीपर्यंत तरी शाबूत असतं. एवढंच की ताठ बसायचं नाही, कमरेतून पुढे वाकायचं, आणि कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर टेकवायचं नाही. हाडावर हाड घसरतं. कोपराच्या वरचा मांसल भाग गुडघ्याच्या पुढे गेला पाहिजे.

माशीचं गणित एकदा समजून घ्या. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटं. एक मिनिट १०० यार्डांवर साधारण एक इंच होते, म्हणून २५ वर पाव इंच. कागदावर गोळ्यांचा पुंजका मध्यापासून एक इंच उजवीकडे असेल तर चार मिनिटं डावीकडे, आणि रायफलवरच्या दुर्बिणीची एक टिकटिक पाव मिनिटाची असेल तर १६ वेळा फिरवायचं. पण आधी पुंजका, मग टिकटिक. गोळ्या कागदभर विखुरलेल्या असताना जो दुर्बीण फिरवत बसतो तो दोन दिवस फिरवतच बसतो.

शनिवारी दुपारपासून परीक्षेच्या फेऱ्या सुरू होतात. जुन्या सैनिकी चाचणीवर बेतलेल्या, चाळीस गोळ्यांच्या: दहा उभ्याने, दहा बसून किंवा गुडघ्यावर, दहा पालथ्याने घाईत, दहा पालथ्याने निवांत. मधल्या दोन टप्प्यांत उभं असताना हुकूम होतो, खाली बसून किंवा पडून, मध्येच मॅगझिन बदलून, साधारण मिनिटभरात दहा गोळ्या संपवायच्या. शेवटच्या टप्प्याचे गुण दुप्पट. एकूण २५०, आणि २१० मिळाले की ‘रायफलमन’ म्हणून कापडाचा बिल्ला. पहिल्याच शिबिरात तो बहुतेकांना मिळत नाही. मला पहिल्यांदा १६४ होते, दुसऱ्या वर्षी २११. ‘जमेल का’ याचं उत्तर हेच: बिल्ल्यासाठी आलात तर रविवारी संध्याकाळी तोंड पाडून जाल. नवशिक्यांची गोची उभ्याच्या टप्प्यात होते असं वाटतं, पण गुण सर्वात जास्त गळतात ते चौथ्यात. पाच मिनिटं हातात असतात आणि लोक दोन मिनिटांत उरकून मोकळे होतात.

मुलीची काळजी करू नका. मुलं सांगितलं तसं करतात, त्यांना विसरायच्या सवयी कमी असतात. तिचा कोणता डोळा प्रधान आहे ते घरीच बघा: दोन्ही हातांच्या तळव्यांत छोटी खिडकी करून लांबच्या दिव्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघायला सांगायचं, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने दिवा दिसत राहतो तो प्रधान. ती उजव्या हाताने लिहीत असली आणि डोळा डावा निघाला तर रायफल डाव्या खांद्याला लावून शिकू द्या. आता दोन दिवस अवघडल्यासारखं होईल, पण सुटेल. आणि एक विनंती: तिला तुम्ही शिकवू नका. बापाने शेजारून पुटपुटलेली सूचना ऐकून पोरांचे खांदे कसे वर जातात ते मी अनेकदा पाहिलं आहे. तुम्ही तुमच्या चटईवर, ती तिच्या.

आता रायफल. पॉइंट टू-टू बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक, मॅगझिन बाहेर निघणारी. रेंजवर निम्म्याहून अधिक लोकांकडे रुगर टेन-ट्वेंटीटू असते आणि तिचे भाग कुठेही मिळतात. नवी घ्यायची गरज नाही; शिबिराला नाव नोंदवताना उसनी मिळेल का ते विचारा. (परवान्याची अट उसन्या रायफललाही आहे, पुन्हा सांगतो.) मोठ्या बोअरची रायफल आणू नका, खर्च होईल आणि दुपारपर्यंत खांदा धक्क्याला घाबरायला लागेल. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर कमी ताकदीची साधी दुर्बीण बसवा, नाहीतर उघड्या माशीवरच शिका. भारी दुर्बिणीवर पैसे घालण्यापेक्षा सुती वेबिंगचा साधा सैनिकी पट्टा आणि त्याच्यासाठी रायफलला दोन पक्क्या कड्या एवढं आधी करा. दोन-तीन मॅगझिन, पाचशे गोळ्या, योगाची जाड चटई, कोपरांना पॅड, कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा. गळाबंद टी-शर्ट हवाच. शेजारच्याच्या रायफलीतून उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस नाचतो, आणि नाचणाऱ्याच्या हातात भरलेली रायफल असते. तसं झालं तर भाजू द्या, आधी नळी पुढे आणि रायफल खाली.

जेवणाचा डबा न्या, पण हात धुतल्याशिवाय उघडू नका. गोळ्यांमधून शिशाची पूड हाताला लागते आणि आपण हाताने जेवतो. सँडविचवाले कागदात धरून खातात, आपण पोळीचा तुकडा मोडतो. साबण आणि पाण्याचा कॅन गाडीत ठेवा. नुसतं सॅनिटायझर शिसं काढत नाही.

आता इतिहास. तो मुद्दाम गोळीबाराच्या मधल्या वेळात सांगतात. हात दमलेले असतात, लोक सावलीत बसतात. विषय एकाच दिवसाचा: १९ एप्रिल १७७५. तीन भागांत सांगतात, काडी तीनदा ओढली गेली या रूपकात. पहिली काडी बॉस्टनजवळच्या लेक्झिंग्टन गावी. बॉस्टनमधल्या इंग्रज सेनापतीने, जनरल गेजने, कॉन्कॉर्डला साठवलेला दारूगोळा जप्त करायला लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस स्मिथच्या हाताखाली सुमारे सातशे शिपाई रात्री गुपचूप पाठवले. गुपित काही राहिलं नाही. जुन्या उत्तर चर्चच्या मनोऱ्यात इशाऱ्याचे दोन कंदील लागले, पॉल रिव्हिअर आणि विल्यम डॉज दोन वाटांनी घोड्यावर निघाले. पुढे रिव्हिअर वाटेतच पकडला गेला आणि कॉन्कॉर्डपर्यंत बातमी पोचवली ती सॅम्युअल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरने, हे शाळेत सांगत नाहीत. पहाटे लेक्झिंग्टनच्या गावकुसातल्या हिरवळीवर कॅप्टन जॉन पार्कर सत्तर-ऐंशी माणसं घेऊन उभा होता. पार्करला क्षय झाला होता, तो त्याच सप्टेंबरात गेला. पहिली गोळी कुणी झाडली याचा निकाल अडीचशे वर्षांत लागलेला नाही. वसाहतीच्या बाजूचे आठ जण ठार झाले, दहा जखमी.

दुसरी काडी कॉन्कॉर्डच्या उत्तरेकडच्या पुलावर. इथला आयझॅक डेव्हिस हा माझा माणूस. शेजारच्या ॲक्टन गावचा, तिशीतला, धंद्याने बंदुका बनवणारा. आपल्या शेतात त्याने नेमबाजीची जागा केली होती आणि गावची तुकडी तिथे नेमाने सराव करायची; त्यांच्याकडे संगिनी होत्या, ज्या बाकीच्या सगळ्या तुकड्यांकडे नव्हत्या. त्या दिवशी त्याची चारही मुलं आजारी होती. निघताना दारात वळून तो बायकोला, हॅनाला, मुलांना सांभाळ एवढंच बोलला. पुलापलीकडे गावातून धूर दिसायला लागला. इंग्रजांनी तोफांचे लाकडी गाडे पेटवले होते. यांना वाटलं घरं जळताहेत. पुलावर पहिल्यांदा कोण जाणार, तर ॲक्टनची तुकडी पुढे झाली. डेव्हिस तिथेच पडला. मग वसाहतवाल्यांच्या मेजर बट्रिकने गोळीबाराचा हुकूम दिला आणि राजाच्या शिपायांवर पहिल्यांदाच हुकमाने गोळ्या सुटल्या. इथवर आलं की मला अजूनही थोडं थांबावं लागतं.

तिसरी काडी मेरियम्स कॉर्नरला, दुपारी, परतीच्या वाटेवर. तिथून बॉस्टनपर्यंतची वाट म्हणजे भिंतींआडून, झाडांमागून, घरांच्या खिडक्यांतून झालेली दिवसभराची चकमक. लेक्झिंग्टनला लॉर्ड पर्सी कुमक आणि दोन तोफा घेऊन आला नसता तर स्मिथची फौज परतली नसती. सर्वात भयंकर प्रकार मेनोटॉमी या गावात, आजच्या आर्लिंग्टनमध्ये झाला. तिथे सॅम्युअल व्हिटमोर नावाच्या जवळजवळ ऐंशीच्या म्हाताऱ्याने भिंतीआडून एकट्याने झुंज दिली. त्याच्या गालाला गोळी लागली, संगिनी खुपसल्या, मेला म्हणून सोडून गेले, आणि तो पुढे १७९३ पर्यंत जगला. दिवसअखेर इंग्रजांचे ७३ ठार, १७४ जखमी, २६ बेपत्ता. वसाहतीच्या बाजूचे ४९ ठार.

इथे मी शिबिरात एक गोष्ट मुद्दाम घालतो, कारण ती न घालता पुष्कळ जण चुकीचं चित्र घेऊन घरी जातात. त्या दिवशी त्या माणसांच्या हातात रायफली नव्हत्या. होत्या त्या गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, ठासणीच्या, गुळगुळीत नळीच्या मस्केट आणि पक्षी मारायच्या बंदुका; सत्तर-ऐंशी यार्डांपुढे त्यांचा भरवसा नाही. नळीत आटे असलेली खरी रायफल पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियाच्या डोंगरपट्ट्यात होती, आणि वसाहतींच्या प्रतिनिधिसभेने, म्हणजे काँग्रेसने, रायफलवाल्यांच्या तुकड्या उभारायचा ठराव केला तो १४ जून १७७५ ला. मॉर्गन तेव्हा आला. काही हजार माणसांनी दिवसभर झाडून अडीचशेच्या आत शिपाई ठार-जखमी झाले, तेव्हा तो काही नेमबाजीचा चमत्कार म्हणता येणार नाही. चमत्कार तयारीचा होता: कुठल्या गावाने कुणाला निरोप द्यायचा, दारू कुठे ठेवायची, मुख्य माणूस पडला तर कोण, हे सगळं महिनोन्‌महिने आधी ठरलेलं होतं. माझ्याबरोबरच्या काही जणांना हे सांगणं शिबिराच्या नावाला बट्टा लावणारं वाटायचं. मला उलट वाटतं. बरी बंदूक आणि सराव दोन्ही हाताशी असणारा डेव्हिससारखा एखादाच होता, म्हणून तर तो पुढे उभा राहिला.

आपल्या लोकांना मी आणखी थोडं सांगतो. त्या वसंतात ईस्ट इंडिया कंपनी दोन आघाड्यांवर अडकली होती. बॉस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला बुडवलेला चहा कंपनीचाच होता (चीनचा, आसामचा चहा पुढच्या शतकातला). त्याच साली ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, आणि त्या भांडणातून राघोबादादा मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले. कॉन्कॉर्डच्या पुलानंतर एका महिन्याच्या आत, १८ मे १७७५ ला, गुजरातेत आडासला मुंबईकर इंग्रजांची फौज हरिपंत फडक्यांच्या सैन्याशी भिडली. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शस्त्रं टाकणारा कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी टिपूवर चालून गेला तेव्हा त्याला येऊन मिळालेल्या मराठी फौजेचे सेनापती हेच हरिपंत. ही जोडणी सांगितली की आपल्या पोरांचे कान टवकारतात. लेक्झिंग्टन एकदम परकं राहत नाही.

राजकारणाचं विचारलंत. प्रशिक्षकांनी आजच्या राजकारणावर बोलायचं नाही असा नियम आहे आणि मी पाहिलेल्या शिबिरांत तो पाळला जातो. पार्किंगमधल्या ट्रकांवरचे स्टिकर वाचत बसू नका, एवढी काळजी घ्या. आपल्यासारखे चेहरे तिथे कमी असतात. सुरुवातीला नाव विचारून तीनदा चुकीचं म्हणतील. पट्टा आवळता येत नाही म्हटलं की तेच लोक गुडघ्यावर बसून आवळून देतात.

पुढच्या उन्हाळ्यात जमलं तर मुलीला घेऊन कॉन्कॉर्डला जा. मिनिटमन नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमध्ये जुन्या रस्त्याची पाच मैलांची पायवाट राखली आहे आणि पूल नवा असला तरी जागा तीच आहे. पार्करची उरलेली माणसं त्या दुपारी दबा धरून बसली ती टेकडीही वाटेवर लागते. पुरातत्त्ववाल्यांनी तिथे मेटल डिटेक्टर फिरवून मस्केटच्या गोळ्या काढल्या आणि कोण कुठे उभं होतं ते बरंचसं ठरवलं. शिबिरानंतर गेलात तर ती उतरण बघून तुम्ही नकळत अंतर मोजायला लागाल.

आधी परवाना. तो हातात आला की नाव नोंदवा, आणि शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबरची तारीख घ्या. जुलैत पालथं पडून कोपरं तापतात आणि घामाने चष्मा घसरतो. पट्टा मात्र आजच मागवा. रायफल नसताना त्याचा सराव करायला झाडूही चालतो.